माझ्या तोंडाचा फ्लेक्स

"तोंड उघड," ती म्हणाली. मी उघडलं.

फार्महाऊसचा व्हरांडा. पांढरी फरशी. चपला खाली पायरीशी काढून मी अनवाणी उभी, हातात भाकऱ्यांची टोपली तशीच. समोर पाच जण खुर्च्यांवर बसलेले आणि सहावी ही, माझ्या तोंडापुढे मोबाईल धरून. तिच्या दुसऱ्या हातात चमचा होता. चमच्यावर हिरवा गोळा, सुपारीएवढा.

"पिस्त्याची बर्फी आहे, आमच्याकडची. चावायची नाही हां, एकदम तोंडात टाकायची."

मी नववीत होते. चौदा वर्षांची. पिस्ता मी फक्त आइस्क्रीमच्या गाडीवर चित्रात पाहिलेला. वाटलं, मुंबईची बर्फी अशीच असेल, बिनसाखरेची दिसणारी, ओलसर. तिनं चमचा आत सारला आणि मी तोंड मिटलं.

पुढचं नीट सांगते, कारण ते बाकी सगळ्यांनी पाहिलंय आणि मी पाहिलेलं नव्हतं. मी फक्त भोगलं. आधी काहीच नाही. मग नाकातून वर, दोन्ही डोळ्यांच्या मधे, काहीतरी पेटलं. जिभेवर तिखट लागतं तसं नाही. डोक्यातच. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, श्वास अडकला. टोपली खाली पडली. भाकऱ्या फरशीवर गेल्या. माझं सगळं अंग म्हणत होतं, थुंक. आणि मी दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून धरले.

का धरले ते त्या सहा जणांतल्या एकालाही कळलं नाही. त्यांना वाटलं, गंमत. आमच्या घरी दोन गोष्टी शिकवलेल्या. आईचे शब्द तसेच सांगते: "पाव्हण्यानं हातावर ठिवलेलं नको म्हनायचं नाय. आन तोंडातलं भायेर काडायचं नाय." आम्ही भात पिकवणारी माणसं. ताटाखाली सांडलेलं शीतसुद्धा आई उचलून तोंडात टाकते. अन्न थुंकणं म्हणजे आईच्या तोंडावर थुंकणं, असं मला लहानपणापासून वाटायचं. म्हणून मी तोंड दाबलं आणि गिळलं. सगळा गोळा गिळला.

ते हसत होते. एक जण खुर्चीवरून घसरून खाली बसला, इतका हसला. मोबाईल जवळ आला, अगदी नाकाशी.

"कशी होती गं?"

पाहुण्याला काय सांगतात? मी नाक पुसलं आणि म्हटलं, "चांगली हाय."

यावर तर त्यांचा बांधच फुटला. मी खाली वाकून भाकऱ्या गोळा केल्या. त्या झटकून परत टोपलीत ठेवल्या आणि आईकडे मागच्या चुलीशी गेले. आईनं विचारलं, डोळे लाल का? मी म्हटलं, धूर गेला.

चमचा धरणारी ती शेठची पुतणी. सतरा-अठरा वर्षांची असेल. आम्हाला तिला दीदी म्हणायला सांगितलेलं. फार्महाऊस शेठचं. पोशीरच्या अलीकडे, ओढ्याच्या काठाला. जिथं त्यांचा व्हरांडा आहे तिथं पूर्वी आमचं खळं होतं, तिथं भात झोडायचे. आजोबांनी ती जागा माझ्या जन्माआधी विकली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मुंबईची माणसं एकमेकांना सांगतात, "आमच्याकडे तिथे कायमचा माणूस आहे." तो माणूस म्हणजे माझे बाबा. शनिवार-रविवार शेठची मंडळी आली की आई चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या भाजायची आणि मी गरम गरम नेऊन द्यायचे. हे आमचं काम होतं. हिरवा गोळा खाणं कामात नव्हतं.

आठ दिवसांनी एका सकाळी नेरळला शाळेत गेले. वर्गात शिरले तर मागच्या बाकावरचा एक जण दोन्ही हात तोंडावर दाबून, डोळे बाहेर काढून म्हणाला, "चांगली हाय." सगळा वर्ग हसला. मला वाटलं, याचं काहीतरी बिनसलंय. मग मैत्रिणीनं मला मोबाईल दाखवला.

मीच होते. मोठीच्या मोठी. नाकातून निघालेला शेंबूड ओठावर आलेला. वर लिहिलेलं, "गावच्या मुलीने पहिल्यांदा वसाबी खाल्ली, शेवटपर्यंत पाहा." त्या गोळ्याचं नाव मला तिथं कळलं, जपानी लोकांची झणझणीत चटणी. व्हिडीओतून कुणीतरी माझं तोंड कापून काढलेलं, तेवढंच, धडाशिवाय. त्याचा स्टिकर केलेला. हात तोंडावर, डोळे बाहेर, खाली अक्षरं: चांगली हाय.

ज्याला कुणाला काही सोसवत नव्हतं, पण सांगता येत नव्हतं, तो माझं तोंड पाठवत होता. परीक्षा कशी गेली? माझं तोंड. सासूची भाजी कशी झाली? माझं तोंड. नवीन साहेब कसा आहे? माझं तोंड. माझा मामेभाऊ पुण्यात आहे. त्याच्या कंपनीच्या ग्रुपवर मी आले. त्यानं कुणाला सांगितलं नाही की ही माझी बहीण. मला मात्र फोन करून सांगितलं, तू ग्रुपवर आलीयस.

खोटं कशाला बोलू? पहिले दोन दिवस मला आतून थोडं बरंही वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायचं ठरवलंय. लाखो लोक मला बघतायत. कुणीतरी खाली लाल बदाम टाकलेला. एका बाईनं लिहिलेलं, किती निरागस. मी बाबांचा मोबाईल घेऊन गोठ्याच्या मागे बसायचे आणि तसलं चांगलं शोधायचे. एक चांगलं सापडायला पन्नास वाईट वाचावे लागायचे. वाचत गेले. मग चांगलं शोधायचं विसरले आणि नुसतं वाईटच वाचत राहिले. खपली धरली की हात तिकडेच जातो, तसं. सकाळी उठल्यावर आधी ते. शाळेतून आल्यावर आधी ते. मला अजून कळत नाही, मी ते का करत होते.

मग परीक्षेचे मार्क आले. आमच्या वर्गाचा ग्रुप होता, सूचनांसाठी. मराठीच्या सरांनी मार्कांची यादी टाकली आणि यादीखाली स्टिकर. माझा. यादीत माझं नाव होतं आणि खाली माझं तोंड होतं. सर वाईट नव्हते. त्यांच्या लक्षातही नसेल की ही आपल्या तिसऱ्या बाकावरची. किंवा असेल. पण सरांनी पाठवलं म्हटल्यावर सगळ्या वर्गाला मोकळं रान मिळालं.

मी स्कार्फ बांधायला लागले. गाडीवर बसणाऱ्या मुली बांधतात तसा, डोळेच फक्त बाहेर. बाजारात, स्टँडवर, रिक्षात. वर्गात काढावा लागायचा, तर मी वर्गात हात वर करणं सोडलं. आधी मीच पहिली असायचे. कविता पाठ म्हणायला माझा आवाज लागायचा. आता हिंदीच्या बाई विचारायच्या, येतंय का? मी मान हलवायचे, नाही. येत असायचं. पण तोंड उघडायचं म्हणजे तेच तोंड. आणि मी 'हाय' म्हणणं बंद केलं. 'आहे' म्हणायचं, शब्द जपून ठेवायचे. घरीसुद्धा. आई हसायची, "बग बाई, शाळंची भाषा." तिला वाटायचं, पोरगी शिकली.

आता गावाचं सांगते.

गावाला माझा अभिमान वाटला. यात टोमणा नाही, खरंच वाटला. आमच्याकडे कुणाचा वाढदिवस असो, कुणी दहावी सुटो, कुणाच्या बैलानं नंबर काढो, नाक्यावर फ्लेक्स लागतो. फ्लेक्सवर आला तो मोठा झाला. कबड्डीत जिल्ह्याला खेळलेल्या पोराचा फ्लेक्स तर वर्षभर होता. आणि इथं तर मुंबई-पुण्याची माणसं आमच्या पोरीला बघत होती. मंडळाचा अध्यक्ष बाळ्यादादा. रिक्षा चालवतो, मनानं चांगला. त्यानं आणि पोरांनी वर्गणी काढली आणि जानेवारीत एका सकाळी मी शाळेला निघाले तर नाक्यावर, वडाच्या समोर, बांबूला बांधलेला.

दारापेक्षा मोठा. मधोमध माझं तोंड. दोन्ही हात त्याच्यावर दाबलेले, डोळे बाहेर, शेंबडासकट. वर लाल अक्षरांत: "गावाचा अभिमान! सोशल मीडियावर गाजलेली आमची कन्या! हार्दिक अभिनंदन!" खाली गॉगल घातलेल्या बारा पोरांचे गोल फोटो, शुभेच्छुक म्हणून. शेंबूड पुसायला छापणाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना तो दिसलाच नव्हता बहुतेक. त्यांना फक्त एवढंच दिसलेलं, की आपली पोरगी मोबाईलवर आली.

मी स्कार्फ बांधून त्याच्याखाली उभी होते. रिक्षाची वाट बघत. वर मी, खाली मी. बाळ्यादादानं रिक्षा थांबवली आणि विचारलं, "कसा झालाय गं?"

काय सांगणार? मी म्हटलं, "चांगला आहे."

आईचं माहेर कोंडाणे गावचं. मामी आली तर आईनं तिला आधी नाक्यावर नेलं. फ्लेक्स दाखवला, मग घरी आणून चहा केला. आई चौथी शिकलेली. फ्लेक्सची मोठी अक्षरं वाचते, मोबाईलची बारीक वाचत नाही. तिनं फक्त 'अभिमान' वाचलेलं. तो फ्लेक्स फाडायचा माझ्या मनात रोज यायचं. पण मामीला बोट दाखवताना आईचा चेहरा मी पाहिला होता. त्याच्यासाठी मी तीन महिने गप्प राहिले. ही माझी दुसरी चूक. पहिली, गोळा गिळला. दुसरी, हे गिळलं.

या चुकीची शिक्षा मला नाही झाली. चिमीला झाली.

चिमी काकांची मुलगी. भिंतीला भिंत लागून घर. सात वर्षांची होती तेव्हा. ती आणि तिच्या वयाच्या आणखी दोघी काकीचा मोबाईल घेऊन व्हिडीओ-व्हिडीओ खेळायच्या. एक धरायची, एक खायची. कच्ची कैरी खाऊन तोंड करायचं. मिरची चाटून तोंड करायचं. आणि शेवटी हात तोंडावर दाबून म्हणायचं, चांगली हाय. गावातली सगळी पोरं हेच खेळत होती. मोठी माणसं बघून हसत होती. मी बघायचे आणि दार लावून घ्यायचे.

मार्चमधली दुपार. आमच्या वाडीला मोगली एरंडाचं कुंपण आहे, सगळ्यांच्याच वाड्यांना असतं. गुरं त्याला तोंड लावत नाहीत म्हणून लावतात. आम्हाला लहानपणीच सांगतात, त्याच्या बिया विषारी, हात लावायचा नाही. चिमीलाही सांगितलेलं. म्हणूनच तिला वाटलं, याच्यावर तोंड चांगलं वाकडं होईल.

तो व्हिडीओ मी नंतर पाहिला. काकीच्या मोबाईलमध्ये होता. चिमी कुंपणाशी बसलीय. एक बी फोडून खाते. तोंड वाकडं करायचा प्रयत्न करते, होत नाही. त्या बिया कडू नसतात, शेंगदाण्यासारख्या लागतात. मोबाईल धरणारी म्हणते, "नीट कर ना." चिमी आणखी एक खाते. आणखी एक. तोंड होत नाही म्हणून खातच जाते. मग कंटाळून तशीच दोन्ही हात तोंडावर दाबते, डोळे बाहेर काढते आणि म्हणते, "चांगली हाय." आणि कॅमेऱ्याकडे बघून हसते.

तासाभरात उलट्या सुरू झाल्या. थांबेनात. अंग गार पडलं, डोळे आत गेले. बाळ्यादादाच्या रिक्षातून कर्जतला सरकारी दवाखान्यात नेली. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. वाटेत नाक्यावरून जाताना रिक्षा फ्लेक्सखालून गेली. बाळ्यादादानं वर पाहिलं नाही. मी पाहिलं.

दोन दिवस सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलीत. दुसऱ्या दिवशी चिमीनं डोळे नीट उघडले. मी शेजारी स्टुलावर बसलेले. ती मला हळूच म्हणाली, "तायडे, माझा पन फ्लेक्स लागंल ना गं?"

तिथं माझ्यात काहीतरी सरकलं. तोवर मला वाटत होतं, हे माझं एकटीचं आहे. माझा चेहरा, माझी लाज, मी झाकीन, मी सोशीन, कॉलेजला गेले की विसरतील. त्या स्टुलावर कळलं की माझं तोंड नाक्यावर टांगून आम्ही सगळ्या पोरांना धडा दिलाय. वाईट खा, तोंड वाकडं कर, आणि चांगली हाय म्हण. मग गाव तुला मोठी म्हणेल.

घरी आले. आई चुलीपुढे होती. मी बाबांचा मोबाईल घेतला, तिच्या शेजारी पाटावर बसले आणि म्हटलं, ऐक. आणि व्हिडीओखालचं वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं. एकेक.

"गावठी ती गावठीच." "हिला परत द्या, दुप्पट द्या." "हिचं तोंड बघून जेवण गेलं नाही." "या लोकांना काही पण द्या, खातात." "फुकट मिळालं की विषसुद्धा गिळतील." असलीच. काही तर आईपुढे वाचता येणार नाहीत अशी होती, तीही वाचली.  मग एक आलं: "आईबापाने काही शिकवलेलं दिसत नाही."

आईचा हात तव्यावर थांबला. भाकरी करपली. आमच्या घरात भाकरी करपलेली मला आठवत नाही.

मग ती म्हणाली, "मीच सांगितलं व्हतं तुला. भायेर काडायचं नाय म्हनून."

एवढंच. करपलेली भाकरी तिनं स्वतःच्या ताटात घेतली आणि खाल्ली.

मे महिन्यात दीदी आली. या वेळी मोबाईलला तीन पायांचा स्टँड, वर गोल दिवा आणि दोन मित्र. व्हरांड्यातल्या खुर्च्या हलवून त्यांनी जागा केली. मला बोलावणं आलं. आई चुलीपासून उठून माझ्या मागे आली. बाबा पाण्याचा पाईप हातात धरून अंगणात उभे होते.

दीदी मला ओळखून हसली. बारीक झाली होती. डोळ्यांखाली काळं. सारखी मोबाईल उचलत होती, बघत होती, ठेवत होती. म्हणाली, "तुझा पार्ट टू सगळे मागतायत. त्याच्यानंतर माझं काहीच चाललं नाही गं. प्लीज. या वेळी तुला माहितीच आहे काय आहे ते, नुसतं एक्स्प्रेशन दे." मग आवाज खाली आणून म्हणाली, "लोक मला काय काय लिहितात, तुला माहीत नाही."

मला माहीत होतं. लोक काय लिहितात हे त्या व्हरांड्यात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मला तिची कीव आली. तिच्याही हातात तीच खपली होती, तीही खाजवत बसलेली. पण कीव आली म्हणून माफ केलं असं समजू नका. तिला खाजवायला माझं तोंड हवं होतं.

मी म्हटलं, "मला नाही खायचं."

बाबा अंगणातून म्हणाले, "खा गं. काय व्हतंय? दोन मिन्टाचं काम."

बाबांचा राग मला तेव्हा आला नाही. त्यांची नोकरी त्या व्हरांड्यावर होती. पण त्यांच्या तोंडून ते आलं आणि माझं ठरलं. मी पायरी चढले. या वेळी चपला काढल्या नाहीत. दिवा लागला. कॅमेरा सुरू झाला. दीदीनं चमचा पुढे केला. तोच हिरवा गोळा, या वेळी मोठा. मी तिच्या हातातून चमचा घेतला, स्वतः तोंडात घातला, आणि कॅमेऱ्यात बघत राहिले.

पेटलं. तसंच, नाकातून वर. डोळे भरले. दीदी ओठ दाबून हसू आवरत होती. मी हात खाली ठेवले. दोन्ही. मांडीला लावून. आणि थुंकले. तिच्या पांढऱ्या फरशीवर, सगळं, पुन्हा पुन्हा, तोंड साफ होईपर्यंत.

मग कॅमेऱ्याकडे बघून म्हटलं, "चांगली नाय. तवाबी चांगली नव्हती. मी खोटं बोलली व्हती. ही बर्फी हाय म्हनून हिनं मला फसवून खायला घातली. मी थुकली नाय, कारन माज्या आईनं मला वळान लावलंय. आता ह्यो टाक तुज्या मोबाईलवर."

पाच महिन्यांनी मी 'हाय' म्हणाले होते.

कुणी हसलं नाही. दिवा तसाच जळत होता. बाबा पाईप टाकून फडकं घ्यायला धावले, फरशी पुसायला, सवयीनं. आई पायरीवर आडवी उभी राहिली आणि त्यांना म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. ज्यांनी दिलं ते पुसतील."

तो व्हिडीओ दीदीनं कधीच टाकला नाही. पहिला अजून आहे. शेठचा बाबांना फोन आला, "पोरीला जरा वळण लावा." आणि पावसाच्या आधी त्यांनी दुसरा माणूस ठेवला. बाबा आता नेरळला एका बिल्डिंगच्या गेटवर आहेत. वर्षभर ते माझ्याशी कामापुरतं बोलले. अजूनही मोकळं बोलत नाहीत. हे मी झाकत नाही. नाही म्हणण्याचा भार आमच्या घरानं उचललाय.

त्या दिवशी व्हरांड्यावरून मी घरी गेले नाही. गवत कापायचा विळा घेतला आणि नाक्यावर गेले. भर दुपार. बांबूवर चढले आणि एकेक दोरी कापली. बाळ्यादादा रिक्षातून धावत आला.

"अगं, काय करतीस? आमी तुज्या मानासाठी लावला व्हता."

"मान द्यायचा तर मला इचारून द्यायचा, दादा."

तो खाली पडलेल्या फ्लेक्सकडे बघत उभा राहिला. बहुतेक पहिल्यांदाच नीट बघत होता. मग म्हणाला, "शेंबूड तरी पुसायला पायजे व्हता." मला हसू आलं नाही. मी फ्लेक्सची गुंडाळी केली आणि खांद्यावर टाकून घरी आणली. पावसाळ्याआधी आमच्याकडे सरपण झाकायला जुने फ्लेक्स लागतातच. बाबांनी तो सरपणावर टाकला, तोंड वर करून. मी गेले आणि उलटा केला.

आता मी एकोणीस वर्षांची आहे. कर्जतला कॉलेजात. पहिल्याच आठवड्यात वर्गाच्या ग्रुपवर तो आला. कुणीतरी कँटीनच्या वड्याबद्दल टाकला, सहज, मी आहे हे माहीत नसताना. पूर्वी मी ग्रुप सोडला असता. मी लिहिलं, "ही मी आहे. चौदा वर्षांची असताना मला फसवून खायला घातलं त्या वेळची. पुढे पाठवायचं असेल तर हे खाली लिहून पाठवा."  नंतर दोघांनी सॉरी म्हटलं. एकानं तोच स्टिकर परत टाकला. असे असतात. मी त्याला परत तेच लिहिलं, आणि पुन्हा टाकला तर पुन्हा लिहीन.

आमच्या बाजूला शनिवार-रविवारी गाड्या यायच्या थांबतच नाहीत. वह्या वाटायला येतात, कपडे वाटायला येतात, धबधबा बघायला येतात, आणि जाताना आमची पोरं मोबाईलमध्ये भरून नेतात. ओढ्यात पोहणारं नागडं पोर गोड दिसतं. शेणानं सारवणारी पोरगी साधी दिसते. त्यांच्या स्वतःच्या पोरांचे फोटो काढायचे तर त्यांच्या शाळेत आईबापाची सही लागते, हे मला त्यांच्यातल्याच एकीनं सांगितलं. आमच्या पोरांना एक चॉकलेट पुरतं. मी तिथं जाऊन उभी राहते. विचारते, कुणाला विचारलंत? दाखवा काय काढलंत. पुसा. माझ्यासमोर पुसा. काही पुसतात. काही भांडतात. एका गृहस्थानं मला विचारलं, तू कोण लागतेस यांची? मी म्हटलं, मी ती स्टिकरवाली. त्यानं मोबाईल काढून बघितलं, मग मला बघितलं, आणि गाडीत जाऊन बसला.

रविवारी सकाळी देवळापुढच्या मांडवात मी गावच्या पोरांना बसवते. अभ्यास नंतर. आधी तोंड उघडायला शिकवते. कुणी काही दिलं आणि नको असेल तर 'नको' म्हणायचं, मोठ्यानं, पाहुणा असला तरी. वाईट लागलं तर थुंकायचं. फोटो काढू का विचारलं तर उत्तर आपलं असतं, त्यांचं नाही. आणि विचारलंच नाही तर पाठ करायची. गावातली काही माणसं म्हणतात, ही पोरांना आगाऊ करतेय. करतेय. चिमी बारा वर्षांची झाली. गेल्या महिन्यात तिनं शाळेत आलेल्या एका वाटपवाल्या बाईला सांगितलं, "दप्तर द्या, फोटो नको." बाईंनी दप्तर परत घेतलं. चिमी जुनं दप्तर घेऊन घरी आली आणि मला येऊन सांगितलं. मी तिला शाबास म्हटलं नाही. दप्तराचा एक बंद तुटला होता, तो शिवून दिला.

पहिला व्हिडीओ मरणार नाही हे मला माहीत आहे. मी म्हातारी होईन आणि ते तोंड चौदा वर्षांचंच राहील, कुणाच्या तरी बोटाखाली. राहू दे. त्याच्या खाली लिहायला मी आहे.

मी गिळलं तेव्हा गावानं माझा फ्लेक्स लावला. मी थुंकले तेव्हा कुणी लावला नाही. लावू नका. पण इथल्या एखाद्या पोराच्या तोंडासमोर पुन्हा चमचा आणि मोबाईल धराल, तर मधे मी उभी असेन, चपला घालून, आणि माझं तोंड उघडं असेल.